खडपावरचं लाल

गेल्या आठवड्यात एका चौकटी करणाऱ्याच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात मी पुन्हा एकदा बोलणी खाल्ली. "बाई, मागच्या चित्राला पाठ लागतेय तुमची," तिथला माणूस म्हणाला. त्याचं बरोबर होतं. समोरचं चित्र बघायला मी मागे मागे सरकत गेले होते, आणि खोली तरी केवढी, दोन खाटा टाकल्या तर तिसरी मावायची नाही. लाकडाच्या भुशाचा आणि टर्पेंटाइनचा वास, छताला एकच पिवळा दिवा आणि भिंतींवर कुणा नवख्या पोराची थोडी चित्रं. मी निमूटपणे जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले आणि तिथून मान उंचावून बघितलं. त्या माणसानं बहुधा मला वेडी ठरवलं असेल.

मुंबईत आणि आसपास अशा जागा मी हुडकून काढल्या आहेत. गिरगावात एका डॉक्टरांची जुनी तपासणीची खोली आहे, तिथे वजनकाट्याच्या वर चित्रं टांगतात. एका इराण्याच्या हॉटेलावर अरुंद जिन्याची एक खोली आहे. खालून पाव भाजल्याचा वास येत असतो आणि वर कुणीतरी सगळं आकाश काळं रंगवून ठेवलेलं असतं. पनवेलला भाताच्या गिरणीमागे एक चित्रकार स्वतःच्याच घराची ओटी मोकळी करून प्रदर्शन मांडतो. मोठ्या दालनांत मी फारशी जात नाही. तिथे लोक चित्रांपेक्षा एकमेकांना जास्त बघतात, आणि मला तेवढी नीटनेटकी पातळंही नाहीत.

आश्विन लागला, की ही सगळी माणसं भिंतींना खिळे मारायला लागतात. चार महिने दमट हवेत गुंडाळून ठेवलेले कॅनव्हास बाहेर येतात. किनाऱ्यावरचे शिडाचे मचवे समुद्रात गेलेले असतात ते याच दिवसांत, आणि बांबूच्या वलांडींवर बोंबील लटकायला लागलेले असतात ते याच दिवसांत. दोन्हींचा हंगाम एक. माझ्या नाकात तर ते दोन वास कायमचे एकमेकांत मिसळून गेले आहेत. जवसाच्या तेलाचा वास आला, की मला बोंबील आठवतात आणि बोंबलाचा वास आला, की लाल रंग. घरी हे कुणाला सांगायची सोय नाही.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मुरुडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कोळीवाड्यात आमचे हे शाळामास्तर होते आणि मी लग्न होऊन नुकती तिथे गेले होते. मी पुण्याच्या पेठेत वाढलेली. समुद्र मी लग्नाआधी पाहिला नव्हता, आणि पाहिल्यावर पहिलं काय वाटलं, तर याला जरा गप्प बसायला कुणी सांगत का नाही? दिवसरात्र ती गाज. शेजारीण हिरा कोळीण मला "मास्तरनी" म्हणायची आणि सगळ्या जगाला म्हणते तशी मलाही "अगं-तुगं" करायची. तिचा नवरा धर्मा नाखवा, म्हणजे मचवा हाकणारा तांडेल आणि मालकही. धर्मा आणि थोरला मुलगा मासेमारीला गेले, की मागे राहिलेलं सगळं जग हिरा चालवायची. त्यात मीही आले.

त्याच वर्षी भाद्रपदात यांचा मुंबईचा मित्र आमच्याकडे येऊन राहिला. केशवभावोजी. चित्रकलेच्या शाळेतून बाहेर पडलेले, अंगानं काटकुळे, आणि पाण्याला इतके भिणारे, की पडावातून उतरताना त्यांना दोघांनी धरावं लागलं होतं. बंदरावर मिठाची एक जुनी कोठी रिकामी पडली होती. तिचा मालक मुंबईला आणि चावी शाळेच्या खुंटीला. ह्यांनी ती भावोजींना देऊन टाकली. भावोजी म्हणाले, "वहिनी, हे माझं दालन." मी आत पाऊल टाकलं. भिंतीत इतकं मीठ मुरलेलं, की हवा दमट झाली की भिंतींना घाम फुटायचा. कौलांतून उन्हाचे कवडसे पडत होते. मी म्हटलं, "भावोजी, इथे चित्रं टिकतील की खारवली जातील?"

महिनाभरात कॅनव्हास संपला. मुंबईहून यायचा तो येईना. मग त्यांना हिराच्या अंगणात जुनं शीड दिसलं. नारळी पौर्णिमेला मचव्यावर नवं शीड चढलं होतं आणि हे जुनं, ठिगळं लावलेलं, रात्रीच्या दवापासून बोंबील झाकायला ठेवलेलं होतं. भावोजींनी आपली जाड घोंगडी देऊन ते घेतलं. हिराला वाटलं, हा थंडीत कुडकुडणार आणि शीड पांघरणार. पण त्यांनी ते कोठीत चौकटीवर ताणून खिळवलं, सरस उकळून त्यात खडूची पूड कालवली आणि त्याचे थर दिले. सरसाच्या वासानं वाड्यातली सगळी कुत्री कोठीभोवती जमली. मग पंधरवडाभर भावोजी त्या एका चित्राशीच झुंजत होते. जेवायला बोलवायला जावं, तर लाल हात घेऊन तसेच उभे.

चित्र म्हणजे काय, तर लाल. वरपासून खालपर्यंत लाल, आणि मधून एक काळा आडवा पट्टा, तोही सरळ नाही. मला आधी रागच आला. इतकं तेल, इतका रंग, इतके दिवस, आणि शेवटी हे? आमच्याकडे भिंतीवर विष्णुलक्ष्मी असायचे, नाहीतर एखादा सूर्यास्त. पण एका दुपारी मी डबा घेऊन गेले, भावोजी विहिरीवर हात धुवायला गेले होते, आणि कवडसा नेमका त्या लालवर पडला होता. मी डबा खाली ठेवायचं विसरले. का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही धड सांगता येत नाही. एवढंच, की त्या परक्या गावात इतके महिने मी जे काही गिळून बसले होते, त्याला कुणीतरी मोठ्यानं उच्चारलं आहे, असं वाटलं. भावोजी परत आले तेव्हा मी म्हटलं, "पोळ्या गार होतायत." दुसरं काय म्हणणार?

एका रविवारी त्यांनी कोठीचं दार सताड उघडलं आणि गावाला बोलावलं. असं प्रदर्शन मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. कोळणी आल्या त्या ओल्या लुगड्यांनी, टोपल्या दारात ठेवून. एकीनंही दोन पावलं मागं सरून चित्र बघितलं नाही. सगळ्या सरळ पुढे गेल्या आणि कापड बोटांच्या चिमटीत धरून बघायला लागल्या. भावोजींचा जीव खालीवर. "हात नका लावू, ओलं आहे," म्हणेपर्यंत एकीचा अंगठा लाल.

"कापड बरा हाय," एक म्हातारी कापड चोळत म्हणाली.

"पन शिवन उसवलीय खाली," दुसरी.

हिरा कमरेवर हात ठेवून लाल चित्रापुढे उभी राहिली. "ह्यो माजा शीड. ह्यो ठिगल माज्या नवऱ्यानं लावलंय. बग, रंगाखालनं दिसतंय." मग भावोजींकडे वळून म्हणाली, "बाबा, येवरा रंग लावलास, त्यात मचव्याला दोनदा लागला असता."

सगळ्या हसल्या. भावोजीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी तो काळा पट्टा समजावून सांगायचा प्रयत्न केला. माणूस, क्षितिज, एकटेपण असं काहीबाही. म्हातारीनं मान डोलावली आणि विचारलं, "शिकवन्या घेतोस का पोरांच्या?"

तरी त्या चित्राचं नशीब उघडलं. मुंबईतल्या एका दालनातून निरोप आला, की यंदाच्या प्रदर्शनात तुमचं एक चित्र लावू, मोठं असेल ते पाठवा. भावोजींचं तोवर कुठेच काही लागलं नव्हतं. घरचे कारकुनीला बसवायला टपलेले. हे चित्र लागलं नाही तर नोकरी धरीन, असं त्यांनी वडिलांना कबूल केलेलं मला ह्यांच्याकडून कळलं होतं. मुरुडहून मुंबईला परतणारी बोट आमच्या गावासमोर खोल पाण्यात थांबायची आणि पडाव माणसं-सामान पोचवायचा. त्या बोटीनं चित्र जायचं ठरलं. दिवाळी झाली, भाऊबीज झाली. आणि दुसऱ्याच दिवशी दक्षिणेचा वारा सुटला.

कार्तिकात असा वारा सुटत नाही, असं गावातलं प्रत्येक जण मला सांगत होतं आणि वारा सुटतच होता. माडांच्या झावळ्या एकाच बाजूला ओढल्या जात होत्या. वलांडी आडव्या झाल्या, बोंबील चिखलात. गावातले तीन मचवे बाहेर होते. त्यांतला एक धर्माचा.

दुसरा दिवस उजाडला तो उजाडल्यासारखा नव्हताच. वारा जरा पडला होता, पण पावसाची बारीक झिमझिम आणि समुद्रावर असा राखाडी पडदा, की पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं. आमच्या खाडीच्या तोंडाशी एक मोठं खडप आहे, पाण्याखाली पसरलेला काळा कातळ. ओहोटीला त्यावरून चालत जाता येतं आणि भरतीला ते दिसतही नाही. त्याच्या टोकावर दरवर्षी नारळी पौर्णिमेला पुरुषमंडळी माडाचा सोट रोवायची आणि त्याला लाल बावटा बांधायची. बाहेरून येणारा मचवा तो बावटा उजव्या अंगाला ठेवून आत शिरायचा. रात्रीच्या तुफानात तो सोट गेला होता, बावट्यासकट.

हे कळलं तेव्हा गावात कुणी ओरडलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. गावातले उरलेसुरले पुरुष, त्यांत आमचे हे, ओहोटीला खडपावर गेले आणि नवा सोट रोवायला लागले. सोट तर मिळाला. बावट्याला हिरानं आपलं लाल लुगडं दिलं. ते चढवलं, आणि बघता बघता वाऱ्यानं त्याच्या चिंध्या केल्या. मग कुणाची चादर. ती टिकली, पण पांढरी, किनाऱ्यावरूनसुद्धा दिसेना. भरती लागायला आता फार वेळ नव्हता. भरतीचं पाणी मिळालं, की बाहेर असलेला मचवा आत यायची घाई करणार, आणि खडप कुठे आहे ते त्याला दिसणार नाही.

मी कोठीत होते. भिंतींतून पाणी गळत होतं म्हणून भावोजी चित्रं हलवत होते आणि मी त्यांना मदत करत होते. दार धाडकन उघडलं. दारात हिरा, नखशिखान्त भिजलेली, अंगावर कुणाचं तरी दुसरंच लुगडं आणि हातात मासळी कापायची सुरी.

"शीड काड," ती म्हणाली.

भावोजींना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते चित्राच्या आडवे उभे राहिले. "हिराबाई, ते आता शीड नाही."

"मंग काय हाय?"

दोन महिने जो माणूस कोळणींना, पोरांना, मला, दारातल्या कुत्र्यांना आपली चित्रं समजावून सांगत होता, त्याला एक शब्द सुचेना.

"माझी सतरंजी घ्या," ते म्हणाले. "गादीचं कापड घ्या. दुसरं चित्र घ्या, ते निळं..."

"निला दिसतंय का पान्यावर?" हिराचा आवाज चढला नाही. "सतरंजी फाटंल. लुगडा फाटला. ह्यो तेल पिऊन चामड्यावानी झालाय, मी हात लावून बगलाय. आन लाल हाय. माजा नवरा बाहेर हाय. माजा पोर बाहेर हाय. बोल लवकर."

मला त्या क्षणी दोघांचाही संताप आला. तिचा, कारण ती सुरी घेऊन आली होती. आणि त्यांचा, कारण ते अजून तिथेच उभे होते. खरं तर मला ते चित्रही जायला नको होतं आणि धर्माही जायला नको होता, आणि या दोन गोष्टी एका ओळीत उभ्या राहाव्यात याचीच मला चीड आली. मी ओरडले, "भावोजी, पाणी चढतंय!"

हिरा पुढे झाली आणि तिनं कडेच्या कापडात सुरी घातली.

"कापू नका!" भावोजी केवढ्यानं ओरडले. मग एकदम हळू आवाजात, "कापू नका. कापलं तर वाऱ्यात तिथूनच फाटत जाईल. मी काढतो."

खिळे खाऱ्या हवेनं गंजून चिकटले होते. त्यांनी ते पक्कडीनं, नखांनी, शेवटी दातओठ खाऊन उपटले. चित्र सुटलं तेव्हा ते गुंडाळतानाही सांगत होते, "रंग बाहेरच्या अंगाला ठेवा, आत गेला तर तडकेल." हिरा म्हणाली, "तडको न्हायतर मरो, उचल!" आम्ही तिघांनी ते खांद्यावर घेतलं. ते इतकं जड असेल, असं मला वाटलं नव्हतं.

खडपावर तोवर पाणी घोट्याशी आलं होतं. पाण्याला भिणारे भावोजी त्या निसरड्या कातळावरून सरळ टोकापर्यंत गेले. हे मला आजही खरं वाटत नाही. जुन्या शिडाला बांधायच्या फासोळ्या, म्हणजे दोराचे फास, कडेला तशाच होत्या; पुरुषांनी त्यांतून दोर ओवले, दोन कोपरे सोटाला आवळले आणि वाऱ्यानं एक फटका मारून ते सगळं लाल उलगडलं. काळा पट्टा उभा झाला होता. चित्र आडवं होतं का उलटं होतं, तेवढं बघायला कुणाला फुरसत नव्हती. पाणी गुडघ्याला लागत असताना सगळे मागे पळाले.

मग फक्त वाट पाहणं उरलं. गाव सगळं वाळूवर उभं. खडप पाण्याखाली गेलं. राखाडीत ते एक लाल फडफडत होतं. हिरा कडेला उकिडवी बसली होती. भावोजी मात्र मागे मागे चालले होते. आधी मला वाटलं, त्यांना बघवत नाही म्हणून निघाले. पण त्यांची नजर हलत नव्हती. ते वाळूवरून माडांपर्यंत गेले, माडाला पाठ टेकून थांबले, डोळे बारीक केले. इतक्या लांबून त्यांनी आपलं चित्र कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून मलाही मागे सरकायची खोड लागली आहे.

पहिला मचवा आला तो बावटा उजवीकडे ठेवून, सरळ. बायका धावल्या. दुसरा बऱ्याच वेळानं, डोलकाठी मोडलेला, वल्ही मारत. आता नुसता धर्मा राहिला. भरती ऐन भरात आली. हिरानं एकदाही देवाचं नाव घेतलं नाही, आणि तिच्याजवळ जायचा मला धीर झाला नाही.

मग कुणीतरी हात केला. राखाडीत एक फाटकं शीड दिसलं, पण ते भलतीकडे, उत्तरेला चाललं होतं, खडपाच्या नेमक्या अंगावर. हिरा उभी राहिली. तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की तो तिचा आहे हे मला तिच्याकडे बघून कळलं. मचवा जवळ आला, आणखी जवळ आला. खडपावर फुटणारी लाट आता त्याच्या नाळेपाशी, अगदी पुढच्या टोकापाशी होती. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शीड दुसऱ्या बाजूला कललं होतं आणि मचवा वळत होता, रडतखडत, पण वळत होता.

धर्मा वाळूत उतरला आणि तिथेच बसला. हिरानं मुलाला पाठीत एक जोराचा धपाटा घातला आणि मग त्याला सोडेना. मी रडत होते, सगळं गाव रडत होतं. भावोजी गर्दीतून वाट काढत धर्मापाशी आले आणि त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

धर्मानं मान वर केली. "लाल दिसला," तो म्हणाला. "सुकानू फिरवला."

भावोजी त्याच्या शेजारी वाळूत बसले.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं आणि मुंबईची बोट येणार असल्याची वर्दी आली. हे भावोजींना म्हणाले, "उतरवून घे. धुऊन, वाळवून अजूनही पाठवता येईल. गाव बावट्यासाठी दुसरं काहीतरी बघेल." गावकऱ्यांचीही हरकत नव्हती. हिरा तर म्हणाली, "ने बाबा, तुजा हाय." पण भावोजी धर्माला म्हणाले, "मला एकदा बाहेर घेऊन चल. तू जिथून पाहिलंस तिथून मला बघायचंय." त्यांना होडीत घालून धर्मा बाहेर गेला. परत आले ते हिरवेपिवळे होऊन, पोटात पाण्याचा थेंब राहिला नव्हता. मी लिंबू-मीठ घेऊन धावले, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"खालच्या बाजूला लाल कमी पडलंय," ते म्हणाले.

"व्हय," धर्मा म्हणाला. "मना पन तसाच वाटला. खडपाच्या कालोखात मिलून जातंय. म्हनून तर उशिरा वललो."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. धर्मा घरात गेला आणि मचव्याला लावायच्या लाल रंगाचा डबा घेऊन आला.

ओहोटी लागली तशी दोघं चार पुरुषांना घेऊन खडपावर गेले. पुरुषांनी सोट धरून वाकवला आणि भावोजींनी खालच्या कोपऱ्यात ब्रश घातला. समोर खोल पाण्यात बोट येऊन उभी राहिली, तिनं भोंगा दिला. पडाव सुटला. ह्यांनी वाळूवरून दोनदा हाक मारली, "केशव, अरे बोट!" भावोजींनी मान वर केली नाही. धर्मा डबा धरून उभा होता, मध्येच "हितं बी" म्हणून बोट दाखवत होता आणि भावोजी तिथेही रंग लावत होते. भोंगा दुसऱ्यांदा वाजला, बोट मुंबईकडे वळली. पाणी पुन्हा घोट्याला लागेपर्यंत त्यांचं काम चाललं होतं.